पांढरं जाळं

आमच्या घरी जाळ्याला साबण लावायचा नाही, हे मला अक्षरं ओळखू येण्याच्या आधीपासून ठाऊक होतं. तलावातून निघालेलं जाळं त्याच पाण्यात खळबळून काढायचं, सावलीत वाळवायचं, आणि वर्षातून एकदा ऐनाच्या सालीच्या काढ्यात भिजत ठेवायचं. काढ्याने सूत तांबूस काळं होतं आणि पाण्यात कुजत नाही. काढा उकळायचा त्या दिवशी घरभर तुरट वास कोंदलेला असे, मायचे हात कोपरापर्यंत रंगलेले असत आणि चूल काढ्याच्या मडक्याने अडवलेली असल्यामुळे सकाळच्या भाताची पेज, निखाऱ्यावर भाजलेले सुके झिंगे आणि मिरची एवढ्यावर आमचं जेवण उरकत असे. मला तो दिवस आवडायचा. हे सगळं मी इतक्या तपशिलाने सांगतो आहे, कारण पुढे मी जे केलं ते अजाणतेपणी केलं असं कुणी समजू नये. माझ्या आठवणींच्या पुस्तकातल्या या प्रकरणाचा कच्चा खर्डा वाचून माझ्या बायकोने समासात लिहिलं होतं, 'तेव्हा तुम्ही लहान होता.' मी ते खोडलं. मी इंटर आर्ट्सला होतो आणि दर रविवारी दाढी करत होतो.

आम्ही ढीवर, जातीने मासेमार. चांद्याहून मूलकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, एका मोठ्या तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, आमचं घर. वडील मी लहान असतानाच गेले. घरात माय, थोरला दादा, वैनी आणि मी. दादा अबोल माणूस. पहाटे तलावावर, दिवसा दुसऱ्याच्या धानात, आणि उन्हाळ्याआधी जंगलात लाकूडतोडीला. मला शिकवायचं हे त्यानेच ठरवलं होतं आणि त्याबद्दल तो माझ्याशी कधी एक शब्द बोलला नाही. वैनी वैनगंगेच्या काठची. तिच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याने जाळं विणण्याची विद्या पोरीला दिली. आमच्याकडे बायका सूत काढत आणि विणकाम पुरुष करत. त्यामुळे ही नवी सून बांबूची सुई आणि जाळ्याची घरं मापायची पट्टी घेऊन ओसरीवर बसली तेव्हा सगळा मोहल्ला हसला होता. वर्षभरात तेच लोक आपली फाटकी जाळी घेऊन आमच्या दारात येऊ लागले. तिच्या जाळ्यातल्या गाठी डोळे मिटून चाचपल्या तरी सारख्या लागत. दुपारी सगळं सामसूम असताना सुई पट्टीवर आपटल्याचा बारीक आवाज येत राही, आणि तो थांबला की माय आतून विचारी, झोपली का गं. मी त्या आवाजात अभ्यास केला आहे. तिला मात्र मी कधी एवढंही म्हणालो नाही की वैनी, छान विणतेस. घरातल्या कामाचं कौतुक करायचं असतं, हे मला तेव्हा सुचायचंच नाही.

तलावाची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. वर्षभर ज्याने त्याने आपापल्या छोट्या जाळ्याने मासे धरायचे. पण वैशाखात पाणी उतरलं की एक दिवस ठरत असे. त्या दिवशी ढिवरांच्या प्रत्येक घराने आपलं एक लांब जाळं आणायचं. ती सगळी जाळी टोकाला टोक बांधून एकच मोठं जाळं व्हायचं, या काठापासून त्या काठापर्यंत. मग बायापोरांसकट सगळे मिळून ते ओढायचे. एका घराचं जाळं खराब निघालं तर मासे तेवढ्याच जागेतून निघून जातात, आणि नुकसान सगळ्यांचं होतं. म्हणून त्या दिवसाच्या आधी सोमा बुढा, आमच्यातला सर्वात वडीलधारा माणूस, घरोघर फिरून जाळी बघे. आमच्या ओसरीवर तो टेकतही नसे. दुरूनच म्हणे, 'इथचं पाहाचं काम नाई.'

चांद्याचं आमचं कॉलेज म्हणजे परकोटाच्या आतल्या एका जुन्या इमारतीत चार वर्ग आणि एक लांब हॉल. पण त्या हॉलमध्ये काय काय होत असे! कुणी हस्तलिखित काढत होतं, कुणी सतार वाजवत होतं, वकिलांचा एक मुलगा भिंतभर चित्रं काढत होता. नागपूरच्या आंतरमहाविद्यालयीन नाट्यस्पर्धेत आमच्यासारख्या जंगलातल्या कॉलेजने उतरावं, असं मराठीच्या सरांच्या मनाने घेतलं होतं. त्यांनी स्वतःच नाटक लिहिलं, तेही कोळ्यांवर. नाटकातला नायक जाळं खांद्यावर टाकून नशिबाशी बोलत असे. आमचा दादा नशिबाशी सोडाच, माझ्याशीही बोलत नसे, पण हे मी सरांना कसं सांगणार? निवडीच्या दिवशी मी चार ओळी वाचल्या. 'मला' म्हणायच्या जागी तोंडातून 'मले' निघालं आणि हॉल हसला. सरही हसले, वाईट बुद्धीने नाही. म्हणाले, अरे, तू खरा आहेस, पण रंगमंचावर खरं चालत नाही. मला पडदे ओढायला ठेवलं. सगळ्या नाटकात कोळ्याच्या घरचा मी एकटा, आणि मीच पडद्यामागे. हे मला फार लागलं होतं.

म्हणून मी एक दिवस आपणहून म्हणालो की सर, मी खरं जाळं आणू शकतो. सगळ्या हॉलने माझ्याकडे वळून पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. रविवारी घरी गेलो आणि दादाला विचारलं. त्याने वैनीकडे पाहिलं, कारण जाळं तिचं होतं. दुसऱ्या दिवशी निघताना तिने ते घडी करून, सुतळीने बांधून माझ्यापुढे ठेवलं, वर मोहफुलांच्या लाडवांचं गाठोडं ठेवलं आणि म्हणाली, एवढ्या लोकांसमोर जाणार, म्हणून काल दोन ठिकाणी सांधून ठेवलं आहे. वैशाखाच्या आत परत आण, एवढंच दादा म्हणाला.

तालमीत जाळं काळ्या पडद्यासमोर टांगलं आणि गॅसबत्त्या लावल्या, तर ते दिसेचना. काळ्यावर काळं. सर खुर्चीतून उठून मागे गेले, पुढे आले, डोळे बारीक केले. म्हणाले, काय रे, हे पांढरं असतं तर! त्यांनी हुकूम केला नव्हता. नुसतं बोलून गेले होते. मी म्हणालो, होतं पांढरं सर, करून आणतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातासाठी मी काहीही केलं असतं.

चांद्याच्या रामाळा तलावावर परीट कपडे पांढरे करायला विहिरीत टाकायची पावडर वापरतात, हे मी पाहिलं होतं. एका ओळखीच्या परिटाकडून मी ती मागून आणली. किती घालायची हे त्याने सांगितलं होतं. तेवढ्याने सूत नुसतं मळकट पिवळं झालं, म्हणून मी तिप्पट घातली. मी चांद्यात राहत होतो त्या खोलीमागे एका टाकीत जाळं दोन दिवस बुडवून ठेवलं. नाकाला झोंबणारा वास सुटला, माझ्या बोटांची सालं निघाली. अधूनमधून साबणानेही चोळलं. त्या पाण्यात मायच्या काढ्याचा तांबडा रंग निघून तरंगताना मी पाहिला. तिसऱ्या दिवशी जाळं बाहेर काढलं तेव्हा ते कापसासारखं पांढरं झालं होतं.

नागपूरला पडदा मीच वर ओढला. अजून कुणी संवाद म्हणायच्या आधी, नुसतं ते जाळं पाहून टाळ्या पडल्या. गॅसबत्तीच्या उजेडात त्याच्या विणीतलं घर न घर वेगळं दिसत होतं, आणि मागच्या काळोखात माणसं हलली की सगळं जाळं श्वास घेतल्यासारखं हलत होतं. मी दोरी हातात धरून विंगेत उभा होतो आणि माझे डोळे भरून आले होते. नाटकाला तिसरं बक्षीस मिळालं. नेपथ्याचं पहिलं मिळालं आणि तो चषक घ्यायला मला वर बोलावलं. परीक्षकांपैकी एकजण जाळं हातात घेऊन बघत होते. त्यांनी विचारलं, हे काम कुणाचं, इतकं एकसारखं? मी म्हणालो, आमच्याकडे अशीच विणतात. वैनीचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण कॉलेजच्या पोरांपुढे वैनी म्हणायची, म्हणजे मग ओसरी, झिंगे, सगळंच सांगावं लागलं असतं. चांद्याला परतल्यावर प्राचार्यांनी मला हार घातला आणि हॉलमधल्या फळ्यावर माझं नाव खडूने लिहिलं. ते पुसू नये म्हणून कुणीतरी महिनाभर फळ्यावर दुसरं काही लिहिलंच नाही.

पांढरं जाळं घरी नेता येणार नव्हतं. मी बाजारातून काथ आणला, आमच्याच जंगलातल्या खैराचा, तो उकळला आणि त्यात जाळं बुडवलं. रंग हुबेहूब आला, कदाचित पहिल्यापेक्षा चांगलाच. वाळत घालताना एक गाठ माझ्या बोटांत तुटली. मी जोर लावला नव्हता. ती आपोआप सुटल्यासारखी तुटली आणि सुताचा बारीक भुगा अंगठ्याला चिकटला. मी तिथेच बसून राहिलो. मग ती गाठ मी पुन्हा बांधली, आणि आणखी कुठे तुटते का हे बघायचं टाळलं. या सबंध गोष्टीत मला सर्वात जास्त लाज कशाची वाटत असेल तर त्या टाळण्याची. तिथे दोन ठिकाणी जरा ताणून पाहिलं असतं तर सगळं कळलं असतं, आणि कळलं असतं तर सांगावं लागलं असतं.

घरी दादाने जाळं उलगडून उजेडात धरलं, रंग पाहिला आणि मान हलवली. नाटकाचं काय झालं, असं वैनीने विचारलं. मी म्हणालो, पडद्याचं बक्षीस मिळालं. जाळं कौलांच्या आढ्याखाली दांडीवर गेलं. फाल्गुनात मोठी गारपीट झाली असं मला मागाहून कळलं. मी तेव्हा परीक्षेच्या अभ्यासात होतो.

वैशाखातल्या त्या दिवशी मी सुट्टीवर घरी होतो. सकाळचं ऊन, गुडघाभर चिखल, पाळीवर सगळं गाव जमलेलं. जाळी एकमेकांना बांधली, आमचं मधोमध आलं, कारण मधल्या जागी सर्वात जास्त ओढ बसते आणि तिथे सर्वात चांगलं जाळं लावतात. ओढायला सुरुवात झाली. पाणी आखडत आलं तसे मासे उड्या मारू लागले, मोठमोठे रोहू, मरळ, पोरं आरडाओरडा करत होती. आणि मग मधला ताण एकदम गेला. आवाज झाला नाही. दोन्ही बाजूंची माणसं मागे पडली आणि आमच्या जाळ्यातून, एका ठिकाणाहून नाही, सगळीकडून, मासे पलीकडे निघून गेले. पाणी हललं आणि शांत झालं.

सोमा बुढा पाण्यातून चालत आला. त्याने आमच्या जाळ्याचा तुकडा दोन बोटांत धरून चोळला. त्याचा चुरा झाला. 'सूत मेलं हाय,' तो म्हणाला. दादाने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांसमोर, पण हळू आवाजात विचारलं, 'नामा, तिथी काही केलं का त्वा याले?'

मी म्हणालो, 'नाई दादा. जसं नेलं तसं आणलं.'

दादाने लगेच मान वळवली. त्याला पटलं होतं. मी शिकलेला होतो, मी खोटं कशाला बोलेन? तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून वैनी पुढे आली. पदर डोक्यावर, पाय चिखलात, नजर खाली. 'मी शिवली होती त्याले,' ती म्हणाली. 'फागुनात गारा पडल्या तवा. बाहेरची होती मी. घरी कोणी नवतं, कवेलू फुटून जाळं वल्लं होत होतं, म्हून उचललं आन आत टाकलं. म्या कोणाले सांगतलं नाई.'

आमच्याकडे विटाळशा बाईने जाळ्याला हात लावायचा नाही, लावला तर जाळं मरतं, अशी सगळ्यांचीच समजूत होती. वैनीचीही होती. तिला वाटलं, खरंच तिच्या हाताने झालं. मी तीन पावलांवर उभा होतो. मला खरं माहीत होतं. तोंड उघडायला किती वेळ लागतो? सोमा बुढा म्हणाला, 'झालं मंग.' आणि सगळे आपापली जाळी सोडू लागले.

शिक्षा अशी फारशी झाली नाही. पाळीवरच्या मातामाय देवीला कोंबडं दिलं, वैनीने सगळ्या घरांपुढे जाऊन पाया पडून माफी मागितली. दादाने तिला एक बोटही लावलं नाही, वाईट शब्द बोलला नाही. त्याने फक्त तिच्या बांबूच्या सुया आणि पट्टी उचलून शेजारच्या घरी देऊन टाकल्या. त्यानंतर आमच्या ओसरीवर तो आवाज झाला नाही. लोक जाळी सांधायला दुसरीकडे नेऊ लागले. दादा स्वतः विणायचा, वेडंवाकडं, आणि तलावाच्या दिवशी आमचं जाळं काठाला, उथळ पाण्यात लावत. अंगणात जाळं वाळत असलं की वैनी त्याच्या बाजूने जात नसे, सगळ्या घराला वळसा घालून मागच्या दाराने पाणी आणी. दोन्ही हातांत भरलेल्या घागरी घेऊन. पुढे तिला मुली झाल्या, त्यांनाही तिने तसंच वळसा घालून चालायला शिकवलं.

मी बी. ए. झालो, गडचिरोलीकडे हायस्कुलात मास्तर झालो, मुलांची नाटकं बसवली. गावी जायचो तेव्हा दरवेळी वाटे की या खेपेला दादाला सांगू. तो आनंदाने माझी पिशवी घ्यायचा, 'नामा आला' म्हणून शेजाऱ्यांना सांगायचा, आणि मला वाटे, आज नको. असं 'आज नको' म्हणता म्हणता तीस-पस्तीस वर्षं गेली. दादा गेला तेव्हा मी त्याच्या उशाशी होतो. शुद्ध हरपण्याच्या आदल्या दिवशी तो वैनीला म्हणाला होता की तुझा हात चांगला होता, तेवढं एक झालं नसतं तर. हे मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि तेव्हाही गप्प बसलो.

दादाच्या पश्चात काही महिन्यांनी मी वैनीला सांगितलं. ती अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी पावडर, साबण, काथ, तुटलेली गाठ, सगळं सांगितलं. ती निवडत राहिली. तिने विचारलं, पांढरं झाल्यावर कसं दिसत होतं. मी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या हेही सांगितलं. मग तिने विचारलं, 'कोणी इणलं म्हून इचारलं का कोणी?'

'विचारलं,' मी म्हणालो.

'मंग?'

मी जे उत्तर दिलं होतं ते सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं. माझी अपेक्षा काय होती? ती रडेल, मी पाया पडेन, ती जाऊ द्या भाऊजी म्हणेल, असंच काहीतरी. मी डोळे पुसायची तयारी करूनच आलो होतो.

'म्या त्या दिशी चार लोकाइत सांगतलं, भाऊजी,' ती म्हणाली. 'तुमी तिथीच उभे होते. आता मले एकटीले काऊन सांगून राह्यले? त्याइले सांगा.'

मी हो म्हणालो. तिच्या दारापासून गावचा पिंपळाचा पार पन्नास पावलांवर होता. त्या दिवशी तलावात असलेल्यांपैकी तिघं म्हातारे तिथे बसले होते, सोमा बुढ्याचा मुलगाही त्यांत होता. वैनी दारात उभी राहून पाहत होती. मी पारावर गेलो. कवा आला गुरुजी, असं त्यांनी विचारलं. मी धानाची चौकशी केली, एकाच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि चारच्या बसने गडचिरोलीला परत आलो.

त्यानंतर मी तीनदा गावी गेलो. वैनी चहा देते, मुलाबाळांचं विचारते, त्याबद्दल काही बोलत नाही. हे प्रकरण लिहायला मला दोन महिने लागले. बायको म्हणते, चांगलं उतरलं आहे. वैनीला वाचता येत नाही. पारावरच्या त्या तिघांनाही येत नाही.